अर्धी भूपाळी

लग्नसराईत सर्जेराव घरी दिसला की शेजारचे विचारायचे, तब्येत बरी नाही का? मुकुंदवाडीला त्या माणसाची सवयच तशी झालेली. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा लाल कोट इस्त्री होऊन यायचा आणि मिरग निघेपर्यंत खुंटीवर टिकायचा नाही. निजामुद्दीनच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. बँड शहागंजातला, निजामुद्दीनच्या बापानं उभा केलेला. ट्रम्पेट खुद्द निजामुद्दीनचं, क्लॅरिनेट सर्जेरावचं. बाकीची माणसं येत-जात राहिली, हे दोघं मात्र तरुणपणापासून एकमेकांच्या शेजारी उभे राहून वाजवत म्हातारपणाला लागले. नवरदेव घोड्यावर चढला आणि सर्जेरावनं पहिली फुंक मारली की वरातीतल्या पोक्त बायासुद्धा पदर खोचायच्या. पाठवणीच्या वेळी तोच माणूस त्याच वाजंत्रातून असा सूर काढायचा की पोरीशी काडीचा संबंध नसलेले मांडववालेही तोंड फिरवून डोळे पुसायचे.

घराणंच वाजंत्र्यांचं. बिडकीनच्या पुढं पैठणच्या अंगाला त्यांचं गाव. तिथं महादेवाच्या देवळात रोज उजाडताना सनई वाजवायचा मान त्याच्या बापाकडं होता. सर्जेराव सनईवरच शिकला. पण गावात पोट भरेना, म्हणून शहरात आला, आणि बँडला क्लॅरिनेटवाला हवा होता म्हणून त्यानं सनई ठेवून क्लॅरिनेट उचललं. बोटं तीच, फुंक तीच, असं तो म्हणायचा. बाप गेल्यावर देवळातली सनई थांबली ती थांबलीच.

बायको चतुराबाई बिडकीनची. लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नाही, आणि दोघांनी आशा सोडल्यावर सत्यम झाला. एवढ्या उशिरा आलेलं पोर; लाड तर होणारच. चतुराबाईची एकच अट होती की यानं गळ्यात ढोल अडकवायचा नाही. शिकायचं, कंपनीत जायचं. सत्यमनं आयचं ऐकलं. आयटीआय केलं, शेंद्र्याच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. पण सुटीच्या दिवशी लग्नाची तारीख आली की बापाच्या मागून जायचा आणि साइड ड्रम वाजवायचा. चतुराबाई कुरकुरायची. सर्जेरावही तिच्या देखत पोराला रागवायचा. मात्र वरातीत मागून ड्रमचा तो नेमका ठेका आला की त्याची छाती रुंद व्हायची. पोराची झोप लई जड. सकाळच्या पाळीला त्याला उठवणं हे बापाचं काम. हाका मारून दमला की सर्जेराव त्याच्या कानाशी तोंडानंच सनईचा सूर काढायचा आणि पोरगं डोळे न उघडताच हसायचं.

वैशाखातली गोष्ट. पैठण रोडवरच्या एका लॉन्सवर लग्न होतं. दिवसभर उभं राहून सर्जेरावचा गुडघा सुजला. संध्याकाळी टेम्पोत सामान भरून निघायच्या वेळी तो नेहमीप्रमाणं मागं चढायला लागला, तर सत्यमनं त्याचा हात धरून त्याला खाली घेतलं आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. आपण मागं जनरेटरला टेकून बसला. चितेगाव ओलांडल्यावर टायर फुटलं. टेम्पो एका अंगावर गेला, खड्ड्यात आडवा झाला. मागच्या पोरांना कुणाला हाताला, कुणाला डोक्याला लागलं. सगळी उठून बसली. सत्यम जनरेटरखाली होता. सर्जेरावच्या कपाळावर नुसतं खरचटलं होतं.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर चतुराबाई भांडी घासता घासता थांबली. इतक्या दिवसांत ती नवऱ्याशी बोललीच नव्हती.

"पुढं कोण बसलं व्हतं?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं. तरीही विचारलं.

"मी. तोच म्हणाला, बाबा, गुडघा दुखतोय, पुढं बसा."

"तो म्हननारच," ती म्हणाली. "तुम्ही ऐकायचं नव्हतं."

ती ना ओरडली, ना रडली. पुन्हा भांडी घासायला लागली. चार दिवसांनी तिचा भाऊ आला आणि ती त्याच्याबरोबर बिडकीनला गेली. थोडे दिवस जाऊन येते, असं शेजारणीला सांगून गेली. आखाड गेला, श्रावण गेला, ती आली नाही. सर्जेराव आणायला गेला नाही. तिचं बोलणं त्याला खोटं वाटलं असतं तर तो गेला असता.

टेम्पोतलं सामान निजामुद्दीननं आपल्या दुकानात नेऊन ठेवलं होतं. क्लॅरिनेटच्या एका चावीला मार बसला होता, ती त्यानं नीट करून घेतली, तोंडाशी बांधून फुंकायच्या नवीन पत्त्यांची डबी घातली आणि पेटी घेऊन एका दुपारी मुकुंदवाडीला आला. सर्जेरावनं पेटी घेतली, न उघडता पलंगाखाली सरकवली. लाल कोट घडी करून निजामुद्दीनच्या हातात दिला.

"कोट ले जाता हूँ," निजामुद्दीन म्हणाला. "मगर इसकू बंद मत रख, सर्जेराव. बंद पडा तो मर जाता."

निजामुद्दीन बराच वेळ बसून राहिला. चहासुद्धा झाला नाही, कारण घरात दूध नव्हतं. उठताना त्यानं मित्राच्या पाठीवर हात ठेवला आणि गेला.

मग सर्जेरावनं बीड बायपासच्या पलीकडं एका मोठ्या सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. दिवसपाळी. फाटक उघडायचं, फाटक लावायचं, पाण्याची मोटर चालू-बंद करायची. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. लोक त्याला काका म्हणायचे आणि गाडी आत घ्यायचे. लग्नसराई लागली तशा बायपासवरून वराती जायला लागल्या. लांबून बँडचा आवाज आला की सर्जेराव पंपाच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा आणि गरज नसली तरी मोटर सुरू करायचा. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागलं की वरच्या मजल्यावरची माणसं ओरडायची. त्याबद्दल त्यानं सेक्रेटरीची बोलणी दोन-तीनदा खाल्ली.

घरी आला की एकट्यापुरतं करून खायचा. भाकरी थापता येत नव्हती, म्हणून भात. भात आणि शेंगदाण्याची चटणी. दाराला कडी लावली की त्या दोन खोल्यांत जालन्याकडच्या रेल्वेगाड्यांचा आवाज तेवढा यायचा. सत्यमची कंपनीची बॅग खुंटीवर होती तशीच होती. देव्हाऱ्यावर त्यानं एक जुनं फडकं टाकलं होतं. देव फेकून दिले नाहीत, नदीत सोडले नाहीत. पण त्यांचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती. भेटायला आलेलं कुणी 'देवाची मर्जी' म्हणालं की तो उठून बाहेर जायचा, आणि माणूस जाईपर्यंत परत यायचा नाही. हळूहळू येणारी माणसंही कमी झाली. असं वरीस गेलं, आणि दुसरं अर्धंअधिक सरलं.

रुळांच्या कडेला, सार्वजनिक नळापाशी, महादेवाचं एक लहानसं देऊळ आहे. त्याची झाडलोट, दिवाबत्ती मनकर्णाबाई करायची. सत्तरी ओलांडलेली, एकटी, देवळाला लागूनच तिची खोली. वस्तीतल्या मंडळानं देवळात आरतीचं मशीन बसवलं होतं. बटण दाबलं की नगारा, झांजा, घंटा सगळं आपोआप वाजायचं. सकाळी माणसं नसायची, मशीन मात्र असायचं, म्हणून म्हातारीचं निभायचं. थंडीच्या सुरुवातीला त्या मशीनची मोटर जळाली. मंडळवाले म्हणाले, नवीन आणू. आणतो म्हणताना दिवस जायला लागले. म्हातारी एका हातात दिवा आणि एका हातात घंटी घेऊन थरथरत आरती करायची.

सर्जेराव उजाडायच्या आधी नळावर हंडा भरायला यायचा. देवळाकडं पाठ करून उभा राहायचा. एक दिवस मनकर्णाबाई त्याच्याजवळ आली.

"सर्जेराव, तुझ्याजवळ वाजंत्र हाय ना?"

"हाय, मावशी. वाजवत नाय आता."

"मशीन बंद पडलंय. लई सुनं वाटतं."

"देवाला काय आवाज लागतो व्हय?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा होता, तो म्हातारीला कळला.

"देवाला नसंल लागत. मला लागतो," ती म्हणाली. "रातभर एकटी असते मी. सकाळी कायतरी वाजलं म्हंजे दिवस निघाल्यावानी वाटतं."

सर्जेरावनं हंडा उचलला. जाता जाता, न बघताच, तो म्हणाला, "मी रुसलोय त्याच्यावर, मावशी. माझ्यानं व्हनार नाय."

"मग रुसूनच वाजव," मनकर्णाबाई म्हणाली. "हसूनच वाजवावं असं कुनी सांगितलं?"

हे बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. दिवसभर फाटकाशी बसून तो तेच घोळवत राहिला. लोक त्याला आजवर सांगत आले होते की राग सोड, सोसायला शीक, देवापुढं मन मोकळं कर. राग घेऊनच ये, असं कुणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं पलंगाखालची पेटी ओढून काढली. आतल्या मखमलीला कुबट वास सुटला होता. त्यानं तुकडे जोडले, नवीन पत्ती तोंडात धरून ओली केली, बांधली आणि फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं तर चिरका, फाटका आवाज आला. ज्या ओठांवर आख्ख्या वराती नाचल्या, त्या ओठांना आता पत्ती पेलवत नव्हती. त्याला हसू आलं. त्यानं क्लॅरिनेट पलंगावर ठेवून दिलं. पण परत पेटीत घातलं नाही.

आठवडाभर तो घरीच दार लावून लांब सूर धरत बसला. मग एका पहाटे पेटी घेऊन देवळात गेला. मनकर्णाबाईनं कोपऱ्यातलं पोतं अंथरून दिलं.

बसला खरा, पण वाजवावं काय? आयुष्यभर सिनेमातली गाणी वाजवली. नाचायची, मिरवायची, नवरीला रडवायची. यातलं देवापुढं काय वाजवणार? मग बोटं आपसूक एका जागी गेली. बापाची भूपाळी. बाप गावच्या देवळात उजाडताना वाजवायचा ती. शिकवलेली अशी नाही. पोरवयात कानावर पडून बोटांत उतरलेली. सर्जेरावनं ती सुरू केली. फुंक पुरत नव्हती, मधेच सूर तुटत होता, तरी चाल ओळखू येत होती. आणि ती अर्ध्यावर आली तशी बोटं थांबली. पुढचं आठवेना. त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा तिथंच अडली. बापानं वाजवलेलं पुढचं अर्धं कुठल्या कुठं गेलं होतं.

त्यानंतर तो रोज जायला लागला. कामावर जायच्या आधी, हंडा भरण्याच्या वेळेला. देवळात म्हातारी आणि तो. तिसरं कुणी नाही. नळावरच्या बाया थोडा वेळ बघायच्या, मग आपल्या घागरी उचलून जायच्या. तो अर्धीच भूपाळी वाजवायचा, पुन्हा पुन्हा. चालीचे शब्द त्याला नीट माहीत नव्हते, पण एवढं माहीत होतं की त्यात देवाला उठ, जागा हो, असं म्हटलेलं आहे. तो ते असं वाजवायचा की झोपलेल्याला गदगदा हलवावं. त्या संध्याकाळी चितेगावच्या पुढं तू कुठं झोपला होतास, हे त्याला कधी तोंडानं बोलता आलं नव्हतं. ते तो फुंकेनं विचारत होता. वाजवून झालं की क्लॅरिनेट पुसायचा, पेटीत घालायचा आणि नमस्कार न करता निघायचा. मनकर्णाबाईनं त्याला कधी नमस्कार कर म्हटलं नाही.

राग कमी झाला असं नाही. पण रागाला एक वेळ मिळाली, एक जागा मिळाली. उरलेला दिवस थोडा हलका जायला लागला. वरात आली तर तो पंपाच्या खोलीत जायचा, पण मोटर लावायचा नाही.

पुढच्या अर्ध्यासाठी मात्र जीव तळमळायला लागला. रोज एकाच ठिकाणी येऊन थांबायचं, म्हणजे जेवताना घास तोंडाशी नेऊन परत ठेवण्यासारखं. गावात बापाच्या जोडीला संबळ वाजवणारा सांडूबाबा अजून आहे, असं त्याच्या कानावर होतं. एका सुटीच्या दिवशी सर्जेरावनं पेटी घेतली आणि पैठणची एसटी पकडली. चितेगावच्या अलीकडचा तो खड्डा आला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. बिडकीनला गाडी थांबली. चतुराबाईच्या भावाची गल्ली खिडकीतून दिसत होती. तो उठला, पुन्हा बसला, आणि गाडी पुढं निघाली.

सांडूबाबा ओसरीवर उन्हाला बसला होता. डोळे शाबूत, कान गेलेले. सर्जेराव कुणाचा कोण हे त्याला मोठ्यानं, हातवारे करून सांगावं लागलं. भूपाळी म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, वाजव. सर्जेरावनं विचारलं, ऐकू कसं येणार? तर त्यानं आपला हात पुढं केला आणि क्लॅरिनेटच्या खालच्या तोंडाशी तळवा धरला. सर्जेराव वाजवू लागला तसा म्हातारा दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुडघ्यावर ठेका धरू लागला. सर्जेराव जिथं रोज अडायचा तिथं अडला. म्हाताऱ्याची बोटं मात्र थांबली नाहीत. ठेका तसाच चालू ठेवून तो फुटक्या आवाजात पुढचं गायला लागला.

चाल वर चढत नव्हती. खाली उतरून, सपाट जमिनीवर चालल्यासारखी, संथ पुढं जात होती. सर्जेरावनं ती दोन-चारदा म्हणून घेतली, बोटांवर बसवली. मग त्यानं म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडून विचारलं की यात देवाला काय मागायचं आहे?

"काय मागायचं नाय," सांडूबाबा म्हणाला. "पहिल्यात म्हनायचं, देवा, ऊठ. दुसऱ्यात जे जे उठलं त्याचं नाव घ्यायचं. इहीर उठली, गाय उठली, कावळा उठला, पानक्याची बायको उठली. तुझा बाप तर रोज नवी नावं घालायचा. नावं घ्यायची, बास. तीच त्याची इस्तुती."

"आन् जे उठलं नाय त्याचं?"

म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं नाही, की त्यानं उत्तर दिलं नाही, कोण जाणे. तो उन्हाकडं बघत बसला. सर्जेरावनं त्याचे पाय धरले आणि निघाला.

येताना तो बिडकीनला उतरला. मेव्हणा घरी नव्हता. चतुराबाई दारात गहू निवडत होती. ती वाळली होती, केस पांढरे झाले होते. तिनं पाणी दिलं, चहा दिला. तिची नजर पेटीवर गेली.

"वाजवता परत?"

"लग्नात नाय. देवळात. उजाडताना. तिथं कुनी नसतं."

"हां," ती म्हणाली, आणि सूप पुढं ओढून घेतलं. तो बसच्या वेळेला उठला. ती दारापर्यंत आली नाही. पण गल्लीच्या वळणावरून त्यानं मागं बघितलं तेव्हा तिचे हात सुपावर थांबलेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो देवळात बसला. धुकं होतं, रूळ दिसत नव्हते. पहिलं अर्धं त्यानं वाजवलं, रोजच्यासारखंच, हिसडे देत. मग दुसऱ्यात उतरला. मनात नावं घेत चालला. नळ उठला. नळावरची माणसं उठली. जालन्याची गाडी उठली. मनकर्णाबाई उठली. बिडकीनला चतुरा उठली असेल, चूल पेटवत असेल. शहागंजात निजामुद्दीन उठला असेल. एकेक नाव एकेका सुरावर पडत गेलं आणि शेवटचा सूर आला, तर त्याच्याजवळ एकच नाव उरलं होतं, न उठलेल्याचं. तो अडखळला. पण फुंक सुरू होती, ती त्याला तोडवेना. त्यानं सत्यमचं नाव घेतलं आणि सूर धरून ठेवला, छातीत होती नव्हती तेवढी हवा संपेपर्यंत. त्या लांब सुरात त्याला पोराचं ते मिटल्या डोळ्यांचं हसू दिसलं. इतकी वर्षं रोज सकाळी ते आपल्याला बघायला मिळालं होतं. मागितलं नव्हतं, आशा सोडल्यावर मिळालं होतं. ते कुणी दिलं, हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. नेलं कुणी, एवढंच विचारत राहिला होता.

सूर संपला. क्लॅरिनेट मांडीवर होतं, आणि त्याचे हात जोडलेले होते. कधी जोडले गेले हे त्याला कळलं नाही. मनकर्णाबाई दिव्याची वात सारखी करत होती. तिनं बघितलं की नाही, तिनं दाखवलं नाही. घरी आल्यावर त्यानं देव्हाऱ्यावरचं फडकं काढलं, देव धुतले, आणि दिवा लावून कामावर गेला. त्या दिवशी त्याला उशीर झाला.

म्हणून काही त्याचं दुःख फिटलं असं कुणी समजू नये. घरी भात आणि चटणीच होती. खुंटीवरची बॅग तिथंच होती. फाल्गुनात मनकर्णाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तिची लेक आली आणि तिला कन्नडला घेऊन गेली. ऑपरेशन झालं, पण लेकीनं परत पाठवलं नाही. जाताना म्हातारीनं देवळाची किल्ली सर्जेरावच्या हातात दिली. मंडळानं नवीन मशीन आणलं. ते संध्याकाळी लावतात. सकाळी त्याचं बटण कुणी दाबत नाही. सकाळी सर्जेराव असतो, एकटाच. गाभारा झाडतो, पोतं अंथरतो, वाजवतो.

निजामुद्दीन एकदा सकाळच्या नमाजनंतर स्कूटरवर आला. बाहेर पायरीवर बसून त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, तुझी फुंक आता पहिल्यापेक्षा खोल लागते. सीझनला ये, कोट तुझाच आहे. सर्जेरावनं मान हलवली. नाचणाऱ्या माणसांत उभं राहणं आता आपल्याला जमायचं नाही, इथं मात्र कधीही येऊन बस, असं त्यानं सांगितलं. निजामुद्दीननं आग्रह केला नाही. त्यानंतर तो अधूनमधून येतो, पायरीवर बसतो, ऐकतो आणि जातो.

विश्वास बसला का, असं सर्जेरावला कुणी विचारलं तर तो सांगू शकणार नाही. देव आहे की नाही यावर त्याला बोलता येत नाही. पण रोज उजाडताना नावं घ्यायची असतात, आणि ती कुणीतरी ऐकून घेतं, एवढं त्याला वाटतं. कधी राग उसळून येतो तेव्हा तो पहिलं अर्धंच दोन-तीनदा वाजवतो. मग दुसऱ्यात उतरतो.

पावसाळ्यानंतरच्या एका पहाटे त्यानं पत्ती ओली केली आणि खिशातला मोबाइल वाजला. नंबर मेव्हण्याचा. उचलला तर पलीकडून कुणी बोलेना. भांड्याचा आवाज आला, कोंबडं आरवलेलं ऐकू आलं, आणि मग कुणीतरी श्वास घेतलेला. तो श्वास त्यानं ओळखला. मोबाइल तसाच चालू ठेवून समोरच्या पायरीवर ठेवला आणि वाजवायला बसला. सगळं वाजवून झाल्यावर उचलून बघितला, तर फोन बंद झालेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. मग आठवड्यातून तीन-चारदा यायला लागला. ती बोलत नव्हती आणि तोही बोलावत नव्हता. शेवटचा सूर संपला की फोन कट व्हायचा. त्या सुरावर कुणाचं नाव आहे हे त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं.

पौषात कडाक्याची थंडी पडली. बोटं वळत नव्हती. त्या दिवशी वाजवून झाल्यावर त्यानं मोबाइल उचलला, तर फोन अजून चालू होता. तो कानाला लावून उभा राहिला.

"थंडी लई हाय," चतुराबाई म्हणाली. "मफलर बांधून बसत जा."

"व्हय," तो म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ फोनवर राहिली आणि मग तिनं फोन ठेवला. सर्जेरावनं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पुसले, पेटी लावली, देवळाला कुलूप घातलं आणि कामावर गेला. घरात मफलर नव्हता. सुटीच्या दिवशी तो शहागंजात गेला आणि एक घेऊन आला.